रक्ताच्या अहवालातली कोळंबी

माझ्या आणि माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, अ‍ॅलर्जीच्या रक्ततपासणीच्या अहवालांत ‘कोळंबी’ या नोंदीसमोर जवळजवळ सारखेच आकडे आले होते: माझा २.१ आणि आबांचा १.८. ०.३५ च्या वरचा आकडा ‘पॉझिटिव्ह’ धरला जातो, त्यामुळे दोघांच्याही आहारतक्त्यात कोळंबीवर काट मारलेली होती. माझे माहेर चिपळूणचे, त्यामुळे मी कोळंबी-खेकड्यांवरच वाढले. आबा मात्र माळकरी, माळकऱ्यांच्याच घरात जन्मलेले; कोळंबी खाणे दूरच, त्यांनी ती कधी हातातही धरलेली नाही. या दोन सारख्या आकड्यांचे अर्थ अगदी वेगळे आहेत, हे कळेपर्यंत जुलै २०२३ चा जानेवारी २०२४ उजाडला. सांगली-मिरजेत राहून अशी तपासणी करून घेऊ पाहणाऱ्यांना तिचा क्रम, खर्च आणि अडचणी आधी ठाऊक असाव्यात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सकाळी उठल्याबरोबर ओळीने शिंका, वाहते नाक आणि चुरचुरणारे डोळे हा त्रास मला बऱ्याच वर्षांपासून आहे. आमचे घर गावभागात, कृष्णेपासून फार लांब नाही. २०१९ च्या महापुरात तळमजल्यात पाणी होते आणि त्यानंतर भिंतींची ओल पुरती अशी कधी गेलीच नाही. या शिंकांचा आणि खाण्याचा काही संबंध असू शकेल, असे घरात कोणाच्याही मनात आले नव्हते.

आमच्या घरात मासळी शिजत नाही, म्हणून मी ती विश्रामबागला राहणाऱ्या बहिणीकडे जाऊन खाते. जुलैमधल्या एका रविवारी तिने जवळ्याची भजी आणि खेकड्याचा रस्सा केला होता. कंबर दुखत असल्यामुळे घरून निघताना मी एक वेदनाशामक गोळी घेतली होती. जेवण होऊन अर्धा तासही झाला नसेल, तोच टाळूला खाज सुटली, खालचा ओठ जड झाला आणि बघता बघता मानेवर व पोटावर गांधी उठल्या. बहिणीने आमसुले भिजवून ते पाणी अंगाला चोळले, भावोजींनी औषधाच्या दुकानातून सेट्रिझिनची गोळी आणली आणि मधूनमधून खोकला येत रात्रीपर्यंत सारे शमले. पावसाळ्यात पित्त उठायचेच, यावर सगळ्यांचे एकमत झाले. त्या खोकल्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे डॉक्टरांनी मात्र सर्वांत जास्त प्रश्न त्याच्याबद्दलच विचारले.

ऑगस्टमध्ये आबांच्या दम्याने उचल खाल्ली. त्याच सुमारास एका खासगी प्रयोगशाळेची अ‍ॅलर्जीच्या रक्ततपासणीवर सवलत चालू होती, म्हणून आम्ही दोघांनीही रक्त दिले. माणशी ५,५०० रुपये पडले. आठवडाभराने आलेल्या अहवालात अनेक पदार्थांसमोर अधिक-उणे आकडे होते आणि सोबत एक छापील आहारतक्ता होता, त्यात मला सर्व प्रकारची मासळी, वांगे, दही आणि शेंगदाणे वर्ज्य सांगितले होते. काय खाल्ल्यावर काय होते, हा प्रश्न त्या प्रयोगशाळेत आम्हाला कोणीही विचारला नव्हता. आबांच्या अहवालातली कोळंबी पाहून मी हसले. आबांना मात्र ती फार लागली. एखाद्या लग्नाच्या पंगतीत नकळत काही पोटात गेले असेल का, या विचाराने ते कित्येक दिवस अस्वस्थ होते.

मिरजेतील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांची वेळ सप्टेंबरच्या अखेरीस मिळाली. पहिल्या भेटीचे शुल्क ७०० रुपये होते आणि त्या भेटीचा बहुतेक वेळ नुसते ऐकून घेण्यात गेला. काय खाल्ले, किती खाल्ले, किती मिनिटांनी काय सुरू झाले, त्या दिवशी कोणती औषधे घेतली होती, व्यायाम झाला होता का, यापूर्वी कोळंबी कधी खाल्ली होती आणि तेव्हा काय झाले, हे सारे डॉक्टरांनी लिहून घेतले. जाणाऱ्यांनी हे आधीच कागदावर उतरवून न्यावे. गांधी उठलेल्या असताना काढलेले फोटो तारखेसह न्यावेत. माझ्या भावोजींनी गमतीने काढलेला एक फोटो अहवालापेक्षा जास्त उपयोगी ठरला.

डॉक्टरांनी तीन संशयित मांडले. पहिला अर्थातच जवळा आणि खेकडा. दुसरा भज्यांचे पीठ: दमट हवेत उघड्या राहिलेल्या पिठात माइट नावाचे अतिसूक्ष्म जीव वाढतात आणि माइटची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने तसे पीठ खाल्ल्यास, ते तळलेले असले तरी, तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. पावसाळ्यात पिठाचा डबा घट्ट झाकून फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला मला तिथेच प्रथम मिळाला. तिसरी संशयित ती वेदनाशामक गोळी, कारण अशा गोळ्या स्वतः अंगावर गांधी उठवू शकतात आणि अन्नाची एरवी सौम्य राहणारी प्रतिक्रिया वाढवूही शकतात. त्याच डब्यातल्या बेसनाची कांदाभजी मी पुढच्याच आठवड्यात खाल्ली होती आणि तीच गोळी नंतर बऱ्याचदा घेतली होती. दोन्ही वेळा काहीही झाले नव्हते. त्यामुळे हे दोन संशयित मागे पडले, तरी त्यांची नावे वहीतून खोडली गेली नाहीत.

मग डॉक्टरांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवले. माइट हा कीटक नव्हे. तो कोळ्याच्या कुळातला, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान जीव आहे, तो गाद्या-उशांत राहतो आणि आपल्या त्वचेच्या गळलेल्या कोंड्यावर जगतो. कोळी, माइट, झुरळ, खेकडा, कोळंबी हे सगळे संधिपाद प्राणी. त्यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते आणि माइटच्या व कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनमधील अमिनो आम्लांचा क्रम सुमारे ८० टक्के जुळतो. वर्षानुवर्षे श्वासावाटे माइटचे कण घेणाऱ्या माणसाच्या शरीराने त्या प्रथिनाविरुद्ध अ‍ॅलर्जी घडवणारी आयजीई प्रतिपिंडे तयार केली असतील, तर ती प्रतिपिंडे प्रयोगशाळेत कोळंबीच्या प्रथिनालाही चिकटतात, मग त्या माणसाने कोळंबी पाहिलेली असो वा नसो. अमेरिकेतील संशोधकांनी २००३ साली याविषयी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता: कवचधारी जलचर धर्माने निषिद्ध असलेल्या आणि ते कधीही न खाल्लेल्या सनातनी ज्यूंपैकी ज्यांना माइटची अ‍ॅलर्जी होती, त्यांतील काहींच्या रक्तात कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनला चिकटणारी प्रतिपिंडे आढळली होती. हे सांगून झाल्यावर डॉक्टर आबांकडे वळून म्हणाले, “काका, तुमची माळ मोडलेली नाही, हवे तर तसे लिहून देतो.” आबा त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी मोकळे हसले.

माझ्या बाबतीत प्रश्न सुटला नव्हता. माझा २.१ हाही आबांसारखा माइटची नुसती सावली असू शकत होता किंवा खरीच कोळंबीची अ‍ॅलर्जी असू शकत होती, आणि आकड्यावरून ते ठरवता येत नाही, एवढे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. वांगे, दही आणि शेंगदाण्यांवरची बंदी त्यांनी त्याच भेटीत उठवली, कारण ते पदार्थ मी नेहमी विनातक्रार खात होते. कोळंबी, जवळा आणि खेकडा मात्र निर्णय होईपर्यंत बंद.

ऑक्टोबरच्या मध्यावर त्वचेवरची चाचणी, म्हणजे स्किन प्रिक टेस्ट झाली. तिच्यासाठी ३,२०० रुपये लागले. चाचणीपूर्वी साधारण आठवडाभर सेट्रिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, कारण त्या चालू असल्या तर त्वचा खोटी शांत राहते. सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधांतही त्या असतात, म्हणून घरातली प्रत्येक गोळी आणि प्रत्येक बाटली डॉक्टरांना दाखवून घ्यावी. नाकातला स्टेरॉइडचा फवारा चालू ठेवण्यास त्यांनी परवानगी दिली. तरीही तो आठवडा कठीण गेला. बँकेत काउंटरवर बसून शिंका आवरणे हे काम खातेदारांचे पैसे मोजण्याहून अवघड होते.

चाचणी होते ती अशी. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे लिहितात, प्रत्येक आकड्याशेजारी एका अर्काचा थेंब ठेवतात आणि थेंबातून बारीक टोकाने त्वचा जेमतेम टोचतात. रक्त येत नाही. एक थेंब त्वचा फुगवणाऱ्या हिस्टामीनचा असतो, तो फुगलाच पाहिजे. एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तो फुगता कामा नये. १५ ते २० मिनिटे हात सरळ ठेवून बसायचे आणि खाजवायचे नाही, यात खरी परीक्षा असते. नंतर उठलेल्या गांधीभोवती पेनाने रेघ ओढून, तिच्यावर चिकटपट्टी दाबून तो ठसा कागदावर उतरवतात आणि पट्टीने मोजतात. मिठाच्या पाण्यापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त फुगवटा असेल तर चाचणी पॉझिटिव्ह मानतात. माझी माइटची गांधी ९ मिलिमीटर, कोळंबीची ५ आणि खेकड्याची ४ निघाली. सुरमई आणि बांगडा यांच्या जागी काहीच उठले नाही. बहिणीने डबीत दिलेली उकडलेली कोळंबीही त्यांनी वापरली, म्हणजे सुई आधी कोळंबीत आणि मग हाताला टोचली. तिथली गांधी अर्काच्या गांधीपेक्षा मोठी होती.

मासळीच्या रिकाम्या जागांनी मला फार दिलासा मिळाला. माशांची अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा पार्वाल्ब्युमिन या वेगळ्याच प्रथिनामुळे होते, त्यामुळे कोळंबी सोसत नाही म्हणून सुरमई सोडण्याचे कारण नसते. कोंबडीत आणि मटणातही ट्रोपोमायोसिन असते, पण ते आपल्या स्वतःच्या ट्रोपोमायोसिनशी इतके मिळतेजुळते असते की शरीर सहसा त्याच्या वाटेला जात नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या मुलखात ही माहिती आधी सांगितलेली बरी.

नोव्हेंबरमध्ये सुट्या प्रथिनांची रक्ततपासणी झाली. सांगलीत रक्त घेतले, ते बाहेरगावी पाठवले गेले आणि अहवाल यायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. चार घटकांचे मिळून ७,६०० रुपये झाले. माइटच्या मुख्य प्रथिनांविरुद्ध, म्हणजे डेर पी १ आणि डेर पी २ यांच्याविरुद्ध, माझे आकडे बरेच वर होते आणि माइटचे व कोळंबीचे ट्रोपोमायोसिन या दोन्हींविरुद्ध ते मध्यम होते. याचा अर्थ नाते त्या सामाईक प्रथिनाचेच होते. पण कोळंबी खाल्ल्यावर काय होईल, याचे उत्तर या अहवालातही नव्हते. खर्च मर्यादित ठेवायचा असेल तर ही पायरी आपल्या बाबतीत निर्णय बदलणार आहे का, असे डॉक्टरांना सरळ विचारावे. माझ्या मते मला ती गाळता आली असती.

उरली देखरेखीखाली खाऊन पाहण्याची चाचणी, फूड चॅलेंज. निदानाची हीच सर्वांत भरवशाची पद्धत मानली जाते आणि ती फक्त रुग्णालयातच करायची असते. छाती मोकळी असावी म्हणून डॉक्टरांनी ती जानेवारीपर्यंत पुढे ढकलली. डिसेंबरभर मी नाकाचा फवारा नियमित घेतला आणि फुंकर मारून श्वास मोजण्याची चाचणी समाधानकारक आल्यावरच तारीख ठरली. कोळंबी आम्हीच न्यायची होती: मसाला नाही, तेल नाही, फक्त मिठाच्या पाण्यात उकडलेली. ती बहिणीने शिजवली आणि मला त्या सकाळी तिच्या स्वयंपाकघरात येऊ दिले नाही, कारण उकळत्या कोळंबीच्या वाफेतूनही हे प्रथिन हवेत पसरते आणि काही जणांना तेवढ्याने त्रास होतो.

सकाळी हलकी न्याहारी करून आम्ही मिरजेला पोहोचलो. संमतिपत्र मराठीत होते आणि त्यात जिवाला धोका संभवतो, असे स्पष्ट लिहिलेले होते. सही करताना माझा हात थबकला, हे लपवण्यात अर्थ नाही. हाताला सलाइनची सुई लावून ठेवली, अ‍ॅड्रेनलिन या तातडीच्या औषधाची मात्रा भरून शेजारच्या ट्रेमध्ये ठेवली आणि वजनकाट्यावर मोजलेला कोळंबीचा पहिला तुकडा माझ्यापुढे आला. तो डाळीच्या दाण्याहून लहान होता. दर अर्ध्या तासाने तुकडा मोठा होत गेला आणि प्रत्येक वेळी नाडी, रक्तदाब, त्वचा व छाती तपासली गेली. सुरुवातीच्या तुकड्यांनी काहीच झाले नाही. त्यामुळे आपलाही आकडा आबांसारखाच असावा, अशी आशा मला वाटू लागली होती. जवळजवळ अर्धी कोळंबी पोटात गेल्यावर मात्र टाळूला तीच जुनी खाज सुटली, पोटावर गांधी उठल्या आणि खोकल्याची उबळ आली. डॉक्टरांनी क्षणभरही वाट न पाहता मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन दिले. छाती धडधडली, हात थरथरले, पण काही मिनिटांतच खोकला उतरला. संध्याकाळपर्यंत निरीक्षणाखाली ठेवून त्यांनी मला घरी सोडले. त्या दिवशी ना पीठ होते, ना गोळी. संशयित एकच उरला.

निदान पक्के झाल्यावर यादी ठरली: कोळंबी, करंदी, जवळा, सोडे, खेकडा, शेवंड आणि नदीतले झिंगे कायमचे बंद. हे प्रथिन उष्णतेने मोडत नाही आणि शिजताना पाण्यात उतरते, त्यामुळे “नुसता रस्सा घे, तुकडा नको” हा आमच्या नातेवाइकांचा आवडता सल्ला अगदी उलटा आहे. खाणावळीत मी सुरमई मागवताना तिच्यासाठी वेगळा तवा आणि वेगळे तेल आहे का, एवढे विचारते; नसेल तर अंडाकरी. पाकीटबंद पदार्थांवर कवचधारी जलचरांचा उल्लेख असणे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल-नियमांनुसार बंधनकारक आहे, म्हणून ती बारीक अक्षरे वाचायची सवय लावून घेतली. सांधेदुखीसाठी मिळणारे ग्लुकोसामाइन अनेकदा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनवतात, हे मात्र मला डॉक्टरांनीच सांगितले.

आपोआप टोचले जाणारे अ‍ॅड्रेनलिनचे पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. त्यामुळे मला कुपी, सिरिंज आणि मोठ्या माणसासाठीची ०.५ मिलिलिटरची खूण करून देण्यात आली आणि इंजेक्शन कसे द्यायचे ते नवऱ्याला व बहिणीला परिचारिकेने संत्र्यावर शिकवले. कुपी फार स्वस्त असते, पण तिला उजेड चालत नाही आणि मुदत संपण्याची तारीख लवकर येते. ती तारीख मी गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी लिहून ठेवली आहे. अ‍ॅलर्जीच्या प्रमाणपत्रावर एक वाक्य मुद्दाम लिहून घ्यावे: ही अ‍ॅलर्जी स्नायूंतल्या प्रथिनाची आहे, आयोडिनची नाही. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देण्याच्या आयोडिनयुक्त औषधाचा आणि कोळंबीच्या अ‍ॅलर्जीचा संबंध अजूनही जोडला जातो आणि त्यापायी तपासण्या अडतात.

चॅलेंजचे बिल ४,८०० रुपये झाले. विमा कंपनीने दावा नाकारला. केवळ निदान आणि तपासणीसाठी झालेला प्रवेश वगळणारे ‘एक्सक्ल ०४’ (Excl04) हे प्रमाणित कलम त्यांनी पत्रात दाखवले. उपचार म्हणून इंजेक्शन द्यावे लागले, असे डॉक्टरांचे पत्र जोडून मी फेरविचाराचा अर्ज केला, पण प्रवेशाचा मूळ हेतू तपासणीचाच होता, असे उत्तर आले. हा खर्च खिशातूनच जाणार असे धरून चालावे.

घरातल्या माइटविरुद्धची लढाई दोघांसाठी समान होती. कापसाच्या गाद्यांना घट्ट विणीची, चेन लावलेली आवरणे घातली, चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवायला सुरुवात केली आणि आबांची जुनी वाकळ अखेर खोलीबाहेर गेली. वाकळ गच्चीवर कडक उन्हात टाकली की माइट मरतात, हे खरे. पण मेलेल्या माइटचे कण आणि त्यांची विष्ठा कापडातच राहते व त्रास त्यांचाच होतो, म्हणून उन्हानंतर धुणे हवेच. गादी पिंजायला दिली तर दमेकऱ्याने त्या दिवशी आसपासही फिरकू नये. आर्द्रता मोजायचे साधे यंत्र ६०० रुपयांना घेतले. ५० टक्क्यांच्या खाली माइटना जगणे जड जाते म्हणतात, पण गावभागात जुलै-ऑगस्टमध्ये तो आकडा गाठणे अशक्य आहे, हे त्या यंत्राने सिद्ध केले. भिंतींच्या ओलीवर या उन्हाळ्यात काम करायचे ठरले आहे.

मार्च २०२४ पासून मी माइटविरुद्ध जिभेखाली ठेवायचे थेंब सुरू केले. उपचार किमान तीन वर्षांचा आहे आणि महिन्याला साधारण दीड हजार रुपये लागतात. पहिली मात्रा दवाखान्यातच घेऊन अर्धा तास बसावे लागले. यामुळे नाक सुधारेल, कोळंबी पचू लागेल अशी अपेक्षा ठेवू नका, असे डॉक्टरांनी आधीच बजावले आहे. माइटचे उपचार चालू असताना काही रुग्णांना गोगलगायीसारखे पदार्थ नव्याने बाधल्याचे दाखले वैद्यकीय लिखाणात आहेत, म्हणून तोंडात खाज सुटली तर लगेच कळवायचे आहे. आबांना थेंब दिलेले नाहीत. त्यांचा दमा फवाऱ्याने आटोक्यात आहे आणि त्यांच्या कागदावरच्या १.८ साठी काहीही करायचे नाही, असे डॉक्टरांनी त्यांच्या केसपेपरवर लिहिले आहे. तिसऱ्या आणि माकूळ हे मृदुकाय प्राणी; त्यांचे ट्रोपोमायोसिन कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनशी कमी जुळते, त्यामुळे ते मला चालतीलही. तूर्त ते बंद आहेत आणि त्यांची त्वचेवरची चाचणी दिवाळीनंतर करायची आहे.